वर निखारा, खाली निखारा : पाककृतीचे पुस्तक आणि पाळीची चूल

मराठीत पाककृतींच्या पुस्तकाचे परीक्षण लिहिण्याची रीत नाही. कादंबरी, कवितासंग्रह, चरित्र यांची दखल घेणारी आपली समीक्षा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबते आणि आतल्या पुस्तकाला 'उपयुक्त' एवढे एकच विशेषण देऊन परतते. वास्तविक रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली छापले गेले, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० साली आणि कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० साली. जो वाङ्मयप्रकार दीडशे वर्षे छापला जातो, ज्याच्या प्रती तेलाचे डाग पडून, पाने सुटून, पुन्हा शिवून वापरल्या जातात, त्याला काही घाट असणार, काही दृष्टी असणार आणि काही उणिवाही असणार. त्यांपैकी एका उणिवेविषयी येथे लिहावयाचे योजिले आहे. ती आम्हांला दिसली ती डिचोली तालुक्यातील पाळीसारख्या गावातून पाहताना. पुण्या-मुंबईच्या ओट्यावरून ती दिसण्याचा संभव कमी.

आधी ऋण मान्य केले पाहिजे. 'रुचिरा'ने वाटी आणि चमचा ही मापे घराघरांत रूढ केली, ही लहान गोष्ट नव्हे. नोकरीच्या गावी दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटलेल्या, शेजारी ना सासू ना आजी अशा मुलीला 'अंदाजाने' हा शब्द काय कामाचा? तिच्या हाती वाटी दिली, आणि त्या वाटीने एक पिढी स्वयंपाक शिकली. कमलाबाईंना 'एक लाख सुनांची सासू' म्हणत, ते उगाच नव्हे. खाद्यपदार्थांवरचे आपले ललित लेखन बहुतांशी जेवणाऱ्याच्या बाजूने झालेले आहे, पु. ल. देशपांडे यांचा 'माझे खाद्यजीवन' हा लेख त्याचा उत्तम नमुना. वाढणारीच्या आणि रांधणारीच्या बाजूने मराठीत जे लिहिले गेले, ते मुख्यतः या पुस्तकांतून. म्हणूनच त्यांच्याकडून अधिक मागण्याचा हक्क आम्ही बजावतो आहोत.

उणीव अशी की ही पुस्तके पदार्थ सांगतात आणि त्या पदार्थाचा दिवस गाळतात. नागपंचमीच्या पातोळ्यांचे उदाहरण घ्या. तांदळाच्या पिठाचा लेप हळदीच्या पानावर द्यावा, गूळ-खोबऱ्याचे चून भरावे, पान दुमडून वाफवावे, अशी कृती कोणत्याही पुस्तकात मिळेल, आणि ती 'गोड पदार्थ' किंवा 'उकडीचे पदार्थ' या शीर्षकाखाली मोदकाशेजारी बसवलेली असेल. पण पातोळी त्या दिवशी का, याचे उत्तर चवीत नाही. नागपंचमीला चिरू नये, तळू नये, चुलीवर तवा ठेवू नये, असा नेम आहे. कढई गेली, तवा गेला, विळी गेली. उरले पाणी, वाफ आणि श्रावणात परसात माजलेली हळदीची पाने. पातोळी ही त्या नेमातून निघालेली युक्ती आहे. नेम काढून घेतला की ती अनेक गोडांपैकी एक गोड होते, आणि मग 'हळदीचे पान न मिळाल्यास केळीचे घ्यावे' अशी तळटीप देऊन तिची वर्षभराची सोयही लावता येते.

आपल्याकडे याच्या नेमके उलट असे एक वाङ्मय आहे. श्रावणातल्या कहाण्या दिवस सांगतात, नेम सांगतात, कोणाला आधी वाढावे हे सांगतात. माप मात्र सांगत नाहीत. सोमवारच्या खुलभर दुधाच्या कहाणीत राजाच्या हुकमाने गावचे सगळे दूध गाभाऱ्यात ओतले जाते आणि गाभारा भरत नाही. घरातली मुलेबाळे आणि गोठ्यातली वासरे तृप्त करून उरलेले खुलभर दूध म्हातारी आणते तेव्हा तो भरतो. खुल म्हणजे लहानसे भांडे. पण ते माप दुधाचे नाही, उरलेल्या दुधाचे आहे. शुक्रवारच्या कहाणीतली बहीण भावाच्या पंक्तीत अपमान झाल्यावर पुढे अंगावरचे दागिने पाटावर मांडून एकेका दागिन्याला घास ठेवते. तिथेही पदार्थ कोणते याला महत्त्व आहे, ते किती वाट्या याला नाही. कहाणीला माप ठाऊक नाही आणि पुस्तकाला दिवस ठाऊक नाही. आमच्या भागातील जुन्या घरांतून सणाचा स्वयंपाक टिकला तो या दोहोंच्या मधल्या पट्टीवर, म्हणजे बायकांच्या हातच्या वह्यांमध्ये. त्या वह्यांकडे येण्यापूर्वी एका पदार्थाशी थोडे थांबावे लागेल.

तो पदार्थ धोंडस. काही घरांत त्याला धोणस म्हणतात, आणि त्याच घराण्यातला एक प्रकार तवसळी या नावाने ओळखला जातो. पावसाच्या अखेरीस वेलीवर पिकून मोठे झालेले, सालीवर पिवळट-तांबूस झाक आलेले तवसे घ्यायचे. कोवळी काकडी चालत नाही. तवसे किसायचे आणि त्याचे सुटलेले पाणी टाकून द्यायचे नाही, कारण भाजलेला तांदळाचा रवा त्याच पाण्यात भिजायचा असतो. गूळ, ओले खोबरे, चिमूटभर मीठ, वेलची. जाड बुडाच्या भांड्याला तूप लावून तळाशी केळीचे पान, त्यावर मिश्रण, वर झाकण. खाली चुलीतला मंद विस्तव आणि झाकणावर नारळाच्या सोडणांचे व करवंट्यांचे निखारे.

या कृतीत दोन जागा अशा आहेत की जेथे छापील पुस्तक अडखळते. पहिली पाण्याची. एका तवशाला किती पाणी सुटेल हे ते किती पिकले, पाऊस किती झाला, तोडून किती दिवस झाले, यांवर असते. येथे वाटीचे माप फसवे ठरते. रवा तवशाने मागावा तेवढा घ्यायचा. दुसरी जागा आचेची. निखारे हळूहळू विझत जातात, म्हणजे धोंडस चढत्या किंवा स्थिर आचेवर न भाजता उतरत्या आचेवर भाजला जातो. आरंभीची आच वरची साल धरते, तळाला खरपूस थर आणते. पुढची उतरती ऊब आतला रवा सावकाश फुलवते. विजेची भट्टी याच्या उलट स्वभावाची : ठरवून दिलेली उष्णता ती अखेरपर्यंत राखते आणि कडा कोरड्या करते. पुस्तकात 'अमुक अंशांवर चाळीस मिनिटे' असे छापले की कृती पूर्ण झाली असे वाटते, पण जे हरवले ते त्या वाक्यात दिसतही नाही. शिवाय धोंडस पूर्ण निवल्याखेरीज कापायचा नसतो. गरम असता सुरी घातली तर तो खिरीसारखा पसरतो. ही साधी गोष्ट लिहिण्याचे सौजन्यही सगळीच पुस्तके दाखवत नाहीत.

आता या पदार्थाला पुस्तकात जागा कोणती, ते पाहू. मराठी पाकपुस्तकांत केक आणि बिस्किटे यांचे प्रकरण बहुधा पुस्तकाच्या उत्तरार्धात येते, पाहुण्याला ओसरीवर बसवावे तसे. भाजण्याची ही विद्या साहेबाची, आपली विद्या उकडण्याची आणि तळण्याची, असा त्यामागचा समज. वर-खाली निखारे ठेवून भाजणे ही रीत आपल्या किनाऱ्यावर किती रुजलेली होती, याचा या मांडणीत विसर पडतो. मुंबईच्या पाठारे प्रभूंचे भानोळे याच रीतीचे. लक्ष्मीबाई धुरंधर त्याच समाजाच्या. देशावरच्या शहरांतूनही दिवाळीच्या आधी मैदा, साखर, तूप घरून नेऊन बेकरीच्या भट्टीत नानकटाई भाजून आणण्याची चाल होती, आणि पत्र्याचा डबा घेऊन रांगेत उभे राहिलेले पुष्कळ वाचक आजही सापडतील. १९७० नंतरच्या काळात 'बिनअंड्याचा केक' या शब्दाने मध्यमवर्गीय घरांना भुरळ घातली. त्यासाठी डब्यातले आटवलेले दूध आले, ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आला, कुकरमध्ये वाळू घालण्याचे प्रयोग झाले. कोकणात आणि गोमंतकात बिनअंड्याचा केक आधीपासून होता आणि दर भाद्रपदात होत होता; त्याच्या नावात 'केक' नव्हता, एवढेच काय ते न्यून.

गोमंतकाविषयी लिहिणाऱ्यांनी दुसऱ्या टोकाची चूक केली आहे. गोव्याचे खाणे म्हणजे पोर्तुगिजांचा वारसा, भाजणे म्हणजे ख्रिस्ती नाताळ, असे समीकरण विशेषतः इंग्रजी पुस्तकांतून रूढ झाले. जुन्या काबिजादींपुरते त्याला आधार आहे. तेथे सत्तेने स्वयंपाकघरात हात घातला होता; १७३६ च्या इन्क्विझिशनच्या फर्मानात मिठाविना भात शिजवून नंतर मीठ घेण्याच्या हिंदू रीतीलाही मनाई होती. भातातल्या मिठाला भिणारी सत्ता स्वयंपाकघराचे महत्त्व आपल्या समीक्षकांपेक्षा अधिक जाणत होती, असे म्हणावे लागेल! पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल पोर्तुगिजांकडे गेले ते अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत. तोवर तो जोर ओसरला होता. त्यामुळे पाळीच्या चुलीवर जुने नेम पुष्कळसे शाबूत राहिले, आणि पदेराचा पाव सोवळ्याच्या ओळीत फार उशिरापर्यंत आला नाही.

तरीही दोन चुलींमधली भिंत वाटते तेवढी जाड नव्हती. ख्रिस्ती घरातली बातिका रव्याची आणि नारळाची. तिच्यात अंडी आणि साखर, आमच्यात तवसे आणि गूळ. बिबिंकेचा एकेक थर जुन्या रीतीने भाजला जातो तो वरून दिलेल्या सोडणांच्या निखाऱ्यावर. नेवऱ्या तर चतुर्थीलाही होतात आणि नाताळालाही, आणि दोन्ही वेळी त्या ताटातून शेजारी जातात. कोणी कोणाकडून काय घेतले याचा निवाडा करण्याची घाई आम्हांला नाही. नारळ तोच, सोडण तेच, जाड बुडाचे भांडे तेच. शेजारच्या दोन घरांनी एकाच विस्तवाला दोन देवांच्या दिवशी बसवले, एवढे तरी स्पष्ट दिसते. जे पुस्तक बिबिंका 'पोर्तुगीज' खाली आणि धोंडस 'पारंपरिक' खाली घालते, त्याला हा विस्तव दिसत नाही.

आता वह्या. आपल्यापैकी अनेकांच्या घरांत त्या असतील : हिशेबाच्या उरलेल्या पानांवर, मुलांच्या शाळेच्या जुन्या वहीत उलट बाजूने लिहिलेल्या. त्यांची भाषा हा स्वतंत्र विषय आहे. घरात बोली कोकणी, लिहिणे मराठी. त्यामुळे क्रियापदे मराठी आणि स्वयंपाकघरातले पदार्थ, भांडी, कामे यांची नावे बोलीची. 'एका नारळाची सोय' असे त्यात लिहिलेले आढळते. पुण्याचा वाचक त्याचा अर्थ नारळाची व्यवस्था असा करील; आमच्याकडे सोय म्हणजे खवलेले खोबरे. छापताना संपादक तेथे 'ओले खोबरे' घालतो आणि वाक्य शुद्ध होते. ही शुद्धी आम्हांला मान्य नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या वेळी कोकणी आणि मराठी यांच्यावरून गोव्यात जे रण माजले, ते या वह्यांच्या पानांवर कधी माजलेच नव्हते; त्या बायकांनी दोन्ही भाषा एकाच ओळीत सुखाने नांदवल्या. आज अशी वही छापावयाची तर शब्दांना हात न लावता छापली पाहिजे, आणि शेवटी शब्दार्थ दिला म्हणजे झाले.

मांडणीविषयीही तेच. या वह्या 'भाज्या, आमट्या, पक्वान्ने' अशा क्रमाने नसतात. त्या दिवसांच्या क्रमाने असतात : पंचमीच्या पातोळ्या, चवथीच्या नेवऱ्या, खतखत्याला कोणकोणत्या भाज्या, नरकचतुर्दशीला पोहे किती तऱ्हांचे आणि आदल्या रात्री काय भिजत घालायचे. मधेच कोणाच्या बाळंतपणाची तारीख, मधेच तुपाचा भाव. संपादकाला हा गोंधळ वाटतो. आमच्या मते हाच त्या लेखनाचा खरा घाट आहे, आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गाबाई भागवत यांच्या 'खमंग'नंतर मराठीत अशा घाटाचा विचार व्हावयास हवा होता, तो फारसा झाला नाही.

तो आता करण्याचे कारण केवळ वाङ्मयीन नाही. डिचोलीच्या खाणपट्ट्यात कित्येक शेतांत खनिजाचा लाल गाळ उतरला आणि लागवड थांबली. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मधल्या काळात सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, पण गेलेले मळे त्या हिशेबाने परत आले नाहीत. चवथीच्या माटोळीसाठी बाजारात पिकलेले तवसे मिळते. एरवी मिळते ती कोवळी काकडी, आणि तिचा धोंडस होत नाही. जुन्या वहीत धोंडसाच्या कृतीखाली एक ओळ असे, जी कोणत्याही छापील पुस्तकात आम्ही पाहिलेली नाही : तवसे चिरल्यावर बिया वेगळ्या काढाव्या, राखेत घोळाव्या आणि चुलीमागच्या भिंतीला थापून ठेवाव्या, म्हणजे पुढच्या मिरगाला लावता येतात.