बालविभाग कुणाचा?

रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ हे आपण भाषणांत फार आवडीनं सांगतो. पण आपला १९६७ चा ग्रंथालय कायदा बघा. त्यात ग्रंथालय-कर नाही. संस्था चालतात अनुदानावर आणि वर्गणीवर. म्हणजे दारातच अनामत आली, बहुतेक ठिकाणी पत्त्याचा पुरावाही आला. ऊसतोड कामगाराचं पोर हंगामभर कोपीत राहतं. त्यानं पत्ता कुठला द्यायचा? सुट्टीतली शिबिरं आपण घेतो, छानच घेतो, पण तिथं दिसतात सभासदांचीच मुलं. आणि बालविभाग वरच्या मजल्यावर असला, की व्हीलचेअरवरच्या मुलीनं तो खालूनच बघायचा! पुस्तकं फाटतील, हरवतील, ही भीती खरी आहे. घरी नका देऊ. पण वर्तमानपत्रांसाठी आपण मुक्तद्वार ठेवतो ना? मग गोष्टीची पुस्तकं तिथंच बसून वाचायला अनामत कशाला?