भोजराजा, ईशपुत्र आणि शब्दसाम्याचा मोह

माळव्यात इतिहासाला आख्यायिकेचा शेजार फार जवळचा. धारच्या लाट मशिदीजवळील लोहस्तंभाचे तुकडे म्हणजे कुणा महाकाय तेलिणीच्या तराजूची दांडी, अशी एक लोककथा आहे. राजा भोज व गंगू तेली यांच्या म्हणीतील गंगू हा कलचुरी गांगेयदेव आणि तेली हा चालुक्य तैलप, असे शिकलेली माणसे सांगतात. पहिली कथा निदान कथा म्हणूनच सांगितली जाते. दुसरीने विद्वत्तेचा अंगरखा घातला आहे. मात्र तैलप ९९७ साली वारला आणि भोज सुमारे १०१० साली गादीवर आला, एवढी साधी अडचण त्या अंगरख्याखाली झाकून जाते.

धार व देवास ही मराठा पवारांची संस्थाने. पवार म्हणजे परमार, अर्थात भोजाचेच कुळ, हा समज तेथे अभिमानाने जपला गेला. ‘परमार’पासून ‘पवार’ होणे भाषेच्या नियमांत बसते. पण व्युत्पत्ती ही वंशावळ नव्हे. १३०५ साली माळवा खिलजींच्या हाती गेला, आणि मराठे तेथे स्थिरावले ते अठराव्या शतकात. मधली चार शतके नुसत्या नावाने भरून निघत नाहीत.

शेजारच्या इंदुरात १९१७ साली जन्मलेल्या पु. ना. ओकांनी हीच रीत साऱ्या जगाला लावली. ताजमहाल तो ‘तेजोमहालय’, व्हॅटिकन ती ‘वाटिका’, आणि ख्रिश्चनिटी ती ‘कृष्णनीती’! ताजविषयीची त्यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००० साली फेटाळली; पुस्तकांचे वाचक त्यामुळे घटले नाहीत. त्यापूर्वी १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्त परिचय’ या पुस्तकात बाबाराव सावरकरांनी प्रभू येशूला तमिळ ब्राह्मण ठरविले होते. ते पुस्तक २०१६ साली पुन्हा छापले गेले.

या ग्रंथांचे खंडन आपल्याकडे हिरिरीने होते, आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्याच व्यासपीठांवरून भविष्य पुराणातील ‘ईशपुत्र’ पुरावा म्हणून मांडला जातो, तेव्हा आपण गप्प का बसतो? शालिवाहन राजाला हिमालयाच्या प्रदेशात शुभ्र वस्त्रे नेसलेला एक पुरुष भेटतो व आपण कुमारीच्या पोटी जन्मलेला ईशपुत्र असल्याचे सांगतो, असा तो प्रसंग. ‘पाहा, तुमच्याच शास्त्राने साक्ष दिली!’ असे म्हणून प्रचारक विजयी मुद्रेने खाली बसतो.

भविष्य नावाचे पुराण जुने आहे; आपस्तंब धर्मसूत्रातही ‘भविष्यत्’ पुराणाचा उल्लेख येतो. पण हा प्रसंग ज्या प्रतिसर्गपर्वात आहे, त्याची गोष्ट निराळी. त्यात आदम आहे, नोहा आहे, कलकत्ता आहे. रविवाराला ‘संडे’, फाल्गुनाला ‘फर्वरी’ आणि साठाला ‘सिक्स्टी’ म्हणतात, हेही त्यात संस्कृत श्लोकात नोंदले आहे. इंग्रजी अमलाखालील लेखणीचीच ही खूण. मुंबईच्या वेंकटेश्वर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते छापले. त्या लेखणीने ख्रिस्ताविषयी लिहिले, ते ख्रिस्ती मिशनऱ्यांनी भारतात ख्रिस्त सांगितल्यानंतर! आपलाच प्रतिध्वनी ऐकून साक्षीदार मिळाला म्हणण्यासारखे हे झाले.

आणि लगतच्याच अध्यायात काय आहे? भोजराजा कालिदासाला बरोबर घेऊन दिग्विजयास निघतो व त्याला ‘महामद’ भेटतो. धारचा भोज अकराव्या शतकातला आणि मुहंमद पैगंबर ६३२ साली निवर्तले, हा हिशेब बाजूला ठेवू. तेथे महामदाला त्रिपुरासुर म्हणून रंगविले आहे. एक पान शास्त्र म्हणून स्वीकारणाऱ्याने दुसरे कोणत्या तोंडाने नाकारावे? भोजशाळा व कमाल मौला मशीद यांच्या वादाने धारमध्ये शेजाऱ्यांची मने आधीच ताणलेली असताना त्या ग्रंथाचा दाखला देणाऱ्या पाळकाने आपल्या हातात काय आहे, याचा विचार करावा.

लोक अशा उपपत्तींवर विश्वास का ठेवतात? अज्ञान हे उत्तर अपुरे आहे. ओकांचे वाचक पुष्कळदा पदवीधर असतात. शिलालेख वाचायला लिपी शिकावी लागते, शब्दसाम्य मात्र कोणत्याही कानाला ऐकू येते. कीर्तनात आणि प्रवचनात शब्दांची फोड करून अर्थ काढण्याची आपल्याला लहानपणापासून गोडी असते; तीच गोडी इतिहासात आली की प्रमाण वाटू लागते. त्याहून मोठे कारण मानाचे. इंग्रजांच्या राज्यात हिणवलेल्या मनाला ‘सारे जग मुळात आमचेच’ हे ऐकून बरे वाटले. देवासच्या किंवा धारच्या ख्रिस्ती तरुणाला ‘तुमचा धर्म परका’ असे वारंवार ऐकावे लागते. ईशपुत्राचा श्लोक त्याला घरचा दाखला वाटतो. त्याची जखम खरी आहे, औषध खोटे आहे.

चूक विद्वानांकडूनही होते. धारहून ब्रिटिश म्युझियममध्ये गेलेली मूर्ती १९२४ साली सरस्वती म्हणून प्रसिद्ध झाली. पुढे तिच्या पीठावरील संवत् १०९१ चा लेख बारकाईने वाचला गेला. वररुचीने आधी वाग्देवी घडविली व मग ही अंबिका, असा त्याचा अर्थ लागला. म्हणजे मूर्ती जैन अंबिकेची. लेख कोणालाही तपासता येत होता, म्हणूनच दुरुस्ती शक्य झाली. शब्दसाम्याच्या उपपत्तीत तपासण्याजोगे काही उरतच नाही. एक साम्य खोडले की दुसरी दहा पुढे केली जातात.

तेव्हा त्या तरुणाला श्लोकाऐवजी त्याचा स्वतःचा इतिहास द्यावा. कॅनडातील प्रेस्बिटेरियन मिशनचे काम इंदुरात १८७७ साली सुरू झाले. त्यानंतरच्या पिढ्यांतील बाप्तिस्म्यांच्या व विवाहांच्या नोंदवह्या आणि दफनभूमीतील शिला हीच आपली कागदपत्रे होत. ज्या मंडळ्यांत अशा जुन्या वह्या उरल्या असतील, तेथील पाळकांनी त्या पावसाळ्यापूर्वी उतरवून घ्याव्यात. वाळवी लागलेले पान पुन्हा वाचता येत नाही.