फ्लॅनरी ओकॉनर : ऐकलेली कथा

अमेरिकन कॅथलिक लेखिका फ्लॅनरी ओकॉनर (१९२५–१९६४) यांच्या कथा आपल्यापैकी ज्यांनी वाचल्या असतील, त्यांनी त्या बहुधा ‘कृपा’ हा शब्द हाताशी धरूनच वाचल्या असतील. त्याला कारण खुद्द लेखिकाच. ‘अ गुड मॅन इज हार्ड टू फाइंड’ ही कथा १९६३ साली हॉलिन्स कॉलेजात वाचण्यापूर्वी त्यांनी श्रोत्यांना सुचवले होते की, प्रेतांकडे पाहू नका, आजीच्या आत्म्यात कृपा काय करते ते पाहा. याच कथेचे त्यांनी एप्रिल १९५९ मध्ये टेनेसीतील व्हॅंडरबिल्ट विद्यापीठात केलेले वाचन ध्वनिमुद्रित होऊन जतन झाले आहे. ते ऐकल्यावर आम्हांस वाटते, ती सूचना क्षणभर बाजूस ठेवावी.

कारण या ध्वनिमुद्रणात प्रथम ऐकू येते ते हसू. एक हट्टी आजी, त्रासलेला मुलगा, उर्मट नातवंडे आणि टोपलीत लपवून आणलेले मांजर असे हे कुटुंब सहलीस निघते. वाटेत अपघात झालाच तर आपण कुलीन स्त्री आहोत हे बघणाऱ्याला कळावे, म्हणून आजी नटूनथटून गाडीत बसते. श्रोते मनमुराद हसतात. ओकॉनर यांचा स्वर जॉर्जियातला, हेल काढणारा. आयोवा विद्यापीठात पॉल एंगल यांना तो मुळीच उमगेना, तेव्हा त्यांनी या मुलीला म्हणणे कागदावर लिहून द्यायला सांगितले होते! त्या स्वरात नाट्य नाही, आवाज बदलण्याची हौस नाही. आपल्या चर्चमध्ये मिस्सेतील वाचने वाचणाऱ्यांनी हे वाचन एकदा अवश्य ऐकावे. मजकुराच्या पुढे न धावणारा वाचक कसा असतो, ते कळेल.

मग गाडी उलटते, ‘मिसफिट’ नावाचा फरारी कैदी येतो आणि सभागृहातील हसू विरत जाते. छापील पानावर हा बदल आपण ‘समजून’ घेतो; येथे तो आपल्यावर येऊन आदळतो. ज्या म्हातारीला आपण आताच हसलो, तिच्या कुटुंबाला रानात नेऊन गोळ्या घातल्या जात आहेत. वाचणारीचा स्वर मात्र तोच, कोरडा. येशूने खरोखरच मेलेल्यांना उठवले असेल तर सर्वस्व टाकून त्याच्या मागे जाण्यावाचून गत्यंतर नाही, हे या कथेत खुनी बोलतो. रविवारी आपण श्रद्धेने म्हणतो त्या शब्दांचा एवढा गंभीर अर्थ त्याने घ्यावा, हे ऐकताना आम्ही अस्वस्थ झालो.

एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. वाटेत दिसलेल्या कृष्णवर्णीय मुलाविषयी आजी जे हिणकस बोलते, ते आज कानाला बोचते. लेखिकेच्या पत्रांतील वर्णविषयक उद्गारांमुळे २०२० साली मेरीलँडच्या लॉयोला विद्यापीठाने एका वसतिगृहाला दिलेले त्यांचे नाव काढून घेतले. आजीचा दोष लेखिका जाणून होती, हे खरे. स्वतःचा तितका जाणून होती काय, याविषयी आम्ही साशंक आहोत.

अखेरीस आजी त्या खुन्याला आपलेच लेकरू म्हणून त्याच्या खांद्याला हात लावते आणि तो तिला तीन गोळ्या घालतो. श्रोत्यांना कोणी खूण करीत नाही की, कृपा ती हीच. त्या हाताचे वाक्य इतर वाक्यांसारखेच येते नि निघून जाते.