दिसेपोलो, एन्रीके सांतोस

(२७ मार्च १९०१ – २३ डिसेंबर १९५१). अर्जेंटिनातील टँगो-गीतांचा श्रेष्ठ रचनाकार. कवी, संगीतकार, नाटककार, अभिनेता व चित्रपटदिग्दर्शक अशा विविध नात्यांनी त्याने कार्य केले. जन्म ब्वेनस एअरीझ येथे. वडील सांतो हे नेपल्सहून स्थलांतर करून आलेले संगीतकार होते. बालपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्यानंतर पुढे थोरला भाऊ आर्मांदो (१८८७–१९७१) याने त्याचा सांभाळ केला.

आर्मांदो हा अर्जेंटिनाच्या रंगभूमीवरील अग्रगण्य नाटककार. स्थलांतरितांच्या दैन्याचे हास्य व कारुण्य यांच्या मिश्रणातून दर्शन घडविणारा ‘ग्रोतेस्को’ हा नाट्यप्रकार त्याने तेथे रुजविला. मोटारींमुळे धंदा बुडालेल्या घोडागाडीवाल्याची कथा सांगणारे मातेओ (१९२३) आणि एका अयशस्वी स्थलांतरित संगीतकारावरील स्तेफानो (१९२८) ही त्याची गाजलेली नाटके. एल् ओर्गानितो (१९२५) हे नाटक दोघा भावांनी मिळून लिहिले. इतर काही नाटकांतही एन्रीकेचा वाटा किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तो निर्णय कसाही लागला, तरी एन्रीकेच्या गीतांचे मूळ या रंगभूमीत आहे, हे निश्चित. त्याचे प्रत्येक महत्त्वाचे गीत म्हणजे एका पात्राचे स्वगत असते आणि ते पात्र एकाच वेळी हास्यास्पद व दयनीय असते.

गार्देलने १९१७ मध्ये ‘मी नोचे त्रिस्ते’ हे गीत गायिल्यापासून शब्दप्रधान टँगोचे युग सुरू झाले. प्रेयसीने टाकलेल्या पुरुषाचा विलाप हा त्याचा रूढ विषय ठरला. दिसेपोलोने हा साचा मोडला. ‘के वाचाचे’ (१९२६) या गीतात प्रियकराच्या सचोटीला कंटाळलेली स्त्री पैशाचीच महती सांगते. माँटेव्हिडिओ येथील पहिल्या प्रयोगात प्रेक्षकांनी ते झिडकारले. मात्र १९२८ मध्ये आसुसेना माइसानीने गायिलेले ‘एस्ता नोचे मे एम्बोर्राचो’ लोकप्रिय झाले. एकेकाळी जिच्यासाठी सर्वस्व उधळले, ती स्त्री वार्धक्याने विरूप झालेली पाहून हादरलेल्या पुरुषाचे हे मनोगत आहे. येथे दोष स्त्रीचा नसून काळाचा आहे, ही जाणीव टँगोला नवी होती. त्याच वर्षीच्या ‘चोर्रा’मध्ये प्रेयसी आणि तिचे कुटुंब यांनी लुबाडलेल्या माणसाची फजिती विनोदाने रंगविली आहे.

जागतिक मंदी आणि सप्टेंबर १९३० मधील लष्करी उठाव यांच्या काळातील अर्जेंटिनाचे चित्र ‘यिरा, यिरा’ (१९३०) व ‘काम्बालाचे’ (१९३४) या गीतांत उमटले. पहिल्यात सर्वांनी पाठ फिरविलेल्या माणसाला जगाच्या उदासीनतेचा साक्षात्कार होतो. ‘काम्बालाचे’ म्हणजे जुन्यापुराण्या वस्तूंचे दुकान. पवित्र ग्रंथ आणि पाणी तापविण्याचा बंब जेथे शेजारी पडतात, अशा दुकानाची प्रतिमा योजून दिसेपोलोने मूल्यांची उतरंड कोसळलेल्या विसाव्या शतकाचे वर्णन केले. संत आणि ठग, विद्वान आणि अडाणी यांच्यातील भेद पुसला गेल्याचा संताप त्यात आहे. हे गीत निराशावादी मानले जाते. परंतु ज्याचा न्यायावर मुळीच विश्वास नाही, त्याला अन्यायाचा एवढा संताप येत नाही. ही नैतिक अपेक्षाच त्याच्या कडवटपणाला वजन देते.

त्याला स्वरलेखनाचे रीतसर शिक्षण मिळालेले नव्हते. तरीही बहुतेक गीतांना त्याने स्वतःच चाली दिल्या. त्यामुळे बोलण्याची लय व सुरावट त्यांत एकजीव झालेल्या आढळतात. ‘लुनफार्दो’ या ब्वेनस एअरीझच्या बोलीचा त्याने केवळ रंजनासाठी नव्हे, तर विचार मांडण्यासाठी उपयोग केला. १९४३ नंतर लष्करी राजवटीने नभोवाणीवरील गीतांत या बोलीवर निर्बंध घातले, तेव्हा त्याच्या गीतांनाही त्याची झळ पोहोचली. मार्यानो मोरेसच्या संगीतासाठी लिहिलेली ‘ऊनो’ (१९४३) व ‘काफेतीन दे ब्वेनस एअरीझ’ (१९४८) ही गीते अधिक अंतर्मुख आहेत. ‘ऊनो’मध्ये प्रेम करण्याची शक्तीच गमावल्याची व्यथा आहे, तर दुसऱ्यात कॉफीगृह हीच तरुणाची पाठशाळा ठरते. टँगो म्हणजे नाचता येणारा विषण्ण विचार, ही त्याच्या नावावर सांगितली जाणारी व्याख्या त्याच्या स्वतःच्या गीतांनाच सर्वांत चपखल लागू पडते.

क्वात्रो कोरासोनेस (१९३९) पासून त्याने काही चित्रपट दिग्दर्शित केले. त्यांतील बरेचसे रंजनप्रधान असून गीतांची उंची त्यांना लाभलेली नाही. मान्वेल रोमेरो दिग्दर्शित एल् इंचा (१९५१) या चित्रपटातील त्याची फुटबॉलवेड्या प्रेक्षकाची भूमिका मात्र संस्मरणीय ठरली. त्याच वर्षी निवडणुकीपूर्वी त्याने नभोवाणीवर ‘मोर्दिस्किटो’ या काल्पनिक विरोधकाला उद्देशून पेरॉन सरकारच्या समर्थनार्थ भाषणे केली. त्यांतही त्याचे संवादकौशल्य दिसते. तथापि गीतांतील पात्र स्वतःच्या दुबळेपणासह बोलते, तर येथील वक्ता केवळ प्रतिपक्षाचे दोष दाखवितो. या भाषणांमुळे अनेक जुने स्नेही दुरावले. नोव्हेंबरमध्ये पेरॉन विजयी झाला आणि त्यानंतर सहा आठवड्यांतच दिसेपोलोचे ब्वेनस एअरीझ येथे निधन झाले.

त्याची गीतसंख्या मोजकी आहे, उपदेशाचा सूरही काही ठिकाणी वरचढ होतो. तरीही लोकप्रिय गीतप्रकारातून समाजाची नैतिक चिकित्सा करता येते, हे त्याने दाखवून दिले. ब्राझीलचा गायक काएतानू व्हेलोझू याने १९६९ मध्ये ‘काम्बालाचे’ ध्वनिमुद्रित केले. टँगोच्या आणि अर्जेंटिनाच्या सीमांपलीकडेही या गीताचा आशय पोहोचल्याचे ते द्योतक होय.