अहवालातला मणका

कंबरेच्या एमआरआयचा अहवाल आता कित्येक घरांत रेशनकार्डाशेजारी जपून ठेवलेला असतो. त्यात ‘डिस्क बल्ज’, ‘डेसिकेशन’ असे शब्द असतात आणि घरी पोहोचेपर्यंत त्या सगळ्यांचं एकच भाषांतर झालेलं असतं: मणक्यात गॅप आहे. मग वाकणं बंद, बादली उचलणं बंद. या शब्दांचा दुखण्याशी संबंध किती, हा प्रश्न जेफ्री जार्विक यांनी वीसेक वर्षं लावून धरला. ते सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले रेडिऑलॉजिस्ट. म्हणजे बघा, ज्यांचा व्यवसायच चित्रं वाचण्याचा, त्यांनीच चित्रांवर शंका घेतली. आज त्यांच्या तीन-चार निबंधांबद्दल बोलू.

२००१ साली त्यांनी कंबर न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय काढले. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णसेवेतले १४८ जण, गेल्या चार महिन्यांत कुणाचीही कंबर दुखलेली नाही. त्यातले ६९ तर म्हणाले, आमची कंबर जन्मात कधी दुखली नाही! तरीही ८३ टक्क्यांच्या चकत्या सुकलेल्या आणि ६४ टक्क्यांच्या फुगलेल्या निघाल्या. हे लोक बहुतेक पुरुष होते, तेव्हा हे आकडे जसेच्या तसे विशीतल्या मुलीला लावता येणार नाहीत. पण निबंधाचं बळ कमी होत नाही. केस पिकण्याला आपण झीज म्हणत नाही. चकतीला मात्र म्हणतो.

याच लोकांचा त्यांनी तीन वर्षं पाठपुरावा केला. नव्यानं कंबर कुणाची दुखणार, याचा अंदाज एमआरआयपेक्षा नैराश्यावरून जास्त लागला. नस दाबली जाणं, नळी अरुंद होणं यांचं वजन इतर खुणांपेक्षा अधिक वाटलं, हेही त्यांनी नोंदवलं. त्यामुळे एमआरआय निरुपयोगी, असा अर्थ कुणी काढू नये. पायातली ताकद जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर तपासणीला उशीर नकोच.

आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो २००३चा निबंध. कंबरदुखीचे ३८० रुग्ण. चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले. एका गटाला साधा एक्स-रे, दुसऱ्याला झटपट होणारा एमआरआय. वर्षानंतर दोन्ही गट जवळजवळ सारख्याच अवस्थेत. शस्त्रक्रिया मात्र एमआरआयच्या गटात १० आणि एक्स-रेच्या गटात ४. आकडे लहान आहेत, त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण त्याच निबंधात आणखी एक गोष्ट आहे: चित्र पाहून धीर आला, असं म्हणणारे एमआरआयच्या गटात ७४ टक्के होते, एक्स-रेच्या गटात ५८. धीर आला, पण कंबर तेवढीच दुखत राहिली. या विसंगतीवर जार्विक फार थांबत नाहीत. माणूस हजारो रुपये मोजून तोच धीर विकत घेतो ना! तो का घेतो, हे कळल्याशिवाय पुढचं कोडं सुटणार कसं?

ते कोडं २०२०च्या निबंधात समोर येतं. कल्पना साधी होती. अहवालातच एक मजकूर घालायचा: तुमच्या वयाच्या, कंबर न दुखणाऱ्या इतक्या टक्के लोकांतही हे दिसतं. प्रयोग प्रचंड मोठा, सुमारे अडीच लाख रुग्णांचा. आणि फळ? पुढच्या तपासण्या आणि उपचार कमी झाले नाहीत. अफूच्या जातीची वेदनाशामकं लिहून देण्याचं प्रमाण किंचित घटलं, एवढंच.

इथं आमचा आक्षेप आहे. सगळी मोजणी संगणकातल्या वैद्यकीय नोंदींवरून झाली. ‘तुम्हाला काय कळलं, भीती कमी झाली का’ असं रुग्णांना विचारलंच गेलं नाही. शिवाय टक्केवारी ही डॉक्टरांची भाषा. रुग्ण विचारतो, ‘माझं काय?’ त्याला शंभरातल्या ऐंशींचं काय करायचं? तोच मजकूर डॉक्टरांनी फिल्म हातात घेऊन, रुग्णाला समोर बसवून पाच मिनिटं समजावला असता तर काय झालं असतं, हे या प्रयोगातून कळत नाही. आमच्या मते पुढचा प्रयोग तो हवा.

बरं, आता प्रश्न घेऊ. अहवाल सोबत आणले असतील, तर ते मात्र आपापल्या डॉक्टरांनाच दाखवा.