टोल्किनचे कथाविश्व : वाचनक्रमाचा प्रश्न

कथेतील घटना ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने त्या वाचकापुढे याव्यात, असा वाङ्मयाचा नियम नाही. महाभारताचा आरंभ शंतनूपासून होत नाही. नैमिषारण्यात शौनकादी ऋषींपुढे सौती येतो आणि जनमेजयाच्या सर्पसत्रात ऐकलेली कथा सांगू लागतो. वंशाच्या शेवटच्या टोकाला बसलेला श्रोता आधी भेटतो, पूर्वज मागाहून. जे. आर. आर. टोल्किन या इंग्रज ग्रंथकाराची अद्भुतकथामाला कोणत्या क्रमाने वाचावी, या वादाचा विचार करताना भारतीय वाचकाला हा दाखला उपकारक ठरावा.

या मालेतील प्रमुख ग्रंथ तीन. ‘द हॉबिट’ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन खंड १९५४-५५ मध्ये आले, आणि ‘द सिल्मरिलियन’ हा ग्रंथ टोल्किनच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १९७७ मध्ये, त्याचा पुत्र ख्रिस्टोफर याने संपादून प्रकाशात आणला. कथाविश्वाच्या काळात मात्र हा शेवटचा ग्रंथ सर्वांत आधीचा आहे. विश्वाची उत्पत्ती, एल्फ जातीचे वैभव आणि त्यांची दीर्घ युद्धे हा त्याचा विषय. यातील कथांचा आरंभही टोल्किनने पहिल्या महायुद्धाच्या काळातच केला होता. तेव्हा ‘सिल्मरिलियन’ प्रथम वाचावे असे म्हणणाऱ्यांच्या बाजूला घटनाक्रमही आहे आणि लेखनाचा इतिहासही. शिवाय हा ग्रंथ आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ एकत्रच प्रसिद्ध व्हावेत अशी खुद्द टोल्किनची इच्छा होती. त्यासाठी १९५०च्या सुमारास त्याने दुसऱ्या प्रकाशकाशी बोलणीही केली. ती फिसकटली. हा पक्ष पोकळ नव्हे.

तरीही तो मान्य करणे कठीण आहे. प्रकाशनक्रम पवित्र आहे, असे मात्र त्याचे कारण नव्हे. आज वाचली जाणारी ‘हॉबिट’ ही १९३७ची ‘हॉबिट’ नाहीच. मूळ आवृत्तीत कोड्यांची पैज हरलेला गॉलम अंगठी देता येत नाही म्हणून बिल्बोची क्षमा मागतो आणि त्याला बाहेरची वाट दाखवतो. पुढे अंगठीला सर्वनाशक अर्थ प्राप्त झाल्यावर हा प्रसंग टिकणे शक्य नव्हते. १९५१च्या आवृत्तीत टोल्किनने तो बदलला. आता गॉलम बिल्बोच्या जिवावर उठतो. आणि हाती तलवार असताना, गॉलमच्या एकाकी जिण्याची कणव येऊन, बिल्बो त्याला जिवंत सोडतो. जुना वृत्तांत ही बिल्बोनेच रचलेली खोटी हकिगत होती, असा खुलासा नंतरच्या ग्रंथात येतो. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या दुसऱ्याच प्रकरणात गँडाल्फ फ्रोडोला या दयेचे मोल समजावतो, आणि ग्रंथाचा शेवट याच दयेवर अवलंबून आहे. ‘हॉबिट’ आधी वाचलेल्याला हे बोलणे आठवणीसारखे भिडते; न वाचलेल्याला ती केवळ माहिती वाटते. तेव्हा विचार करायचा तो प्रकाशनाच्या तारखांचा नव्हे. कोणते ज्ञान वाचकाच्या मनात आधी रुजलेले असावे याचा.

याच कसोटीवर ‘सिल्मरिलियन’चे स्थान ठरते. सिरिथ उन्गोलच्या पायऱ्यांवर थकून बसलेल्या सॅमला बेरेनची प्राचीन कथा आठवते. गॅलाड्रिएलने फ्रोडोला दिलेल्या कुपीतील प्रकाश त्याच कथेतील रत्नाचा आहे आणि ती कथा अजून संपलेलीच नाही, हे त्याला एकाएकी उमगते. पूर्वेतिहास न जाणणारा वाचक सॅमबरोबरच हा शोध लावतो. जाणणारा मात्र सॅमच्या आधीच तेथे पोहोचलेला असतो आणि मान डोलावून पुढे जातो. या कादंबरीची खोली अशा अर्धवट दिसणाऱ्या भूतकाळातच आहे. टोल्किनलाही याची जाण होती. १९६३च्या एका पत्रात त्याने या आकर्षणाची तुलना दुरून दिसणाऱ्या, कधी न पाहिलेल्या बेटाशी केली आहे. तेथे प्रत्यक्ष जावे तर जादू ओसरते, पलीकडे आणखी अप्राप्य क्षितिजे दिसली तरच ती टिकते.

मग त्या बेटावर जावे की नाही? जावे, परंतु नौका योग्य हवी. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या अखेरीस वृद्ध बिल्बो रिव्हेंडेल येथे फ्रोडोच्या हाती तीन ग्रंथ ठेवतो. ते एल्फांच्या भाषेतून त्याने केलेले अनुवाद आहेत. ‘सिल्मरिलियन’ म्हणजे हेच अनुवाद होत, असे मानण्यास आधार आहे. हा ग्रंथ कोणत्याही चौकटीविना, तो कोणी जपला आणि कोणाकडून आला याचा निर्देश न करता छापण्यात चूक झाली, अशी कबुली ख्रिस्टोफरने १९८३ मध्ये दिली. म्हणजे नैमिषारण्यातील सौतीची जागा येथे रिकामी राहिली होती. ती भरण्याचा एकच मार्ग वाचकाच्या हाती आहे : आधी बिल्बोची ओळख करून घेणे. तसे केल्यास देवांची आणि एल्फांची ती उंच, कठोर, नामबहुल गाथा एका साध्या, खाण्यापिण्यात रमणाऱ्या जिवाने उतारवयात परिश्रमाने उतरवलेली आहे, हे जाणून ती वाचता येते.

‘सिल्मरिलियन’पासून आरंभ करणाऱ्याला ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये ऱ्हासाचा करुण स्वर अधिक स्पष्ट ऐकू येतो, हा आक्षेप खरा आहे. पण तो लाभ दुसऱ्या वाचनात सर्वांनाच मिळतो. पहिल्या वाचनातील अज्ञान मात्र एकदाच मिळते. म्हणून ‘हॉबिट’, मग ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’, तिसऱ्या खंडाअखेरची परिशिष्टे कादंबरी संपल्यावर, आणि त्यानंतर ‘सिल्मरिलियन’, हाच क्रम इष्ट होय. भारतीय भाषांत ही माला आणू पाहणाऱ्या अनुवादकानेही तो ध्यानी घ्यावा. कालक्रमाच्या मोहाने पहिल्या पुस्तकावर ‘सिल्मरिलियन’चे नाव घातले, तर नावांच्या त्या अरण्यातून कित्येक वाचक परत फिरतील, आणि गॉलमला मिळालेल्या जीवदानापर्यंत ते कधी पोहोचणारच नाहीत.