तणांची संख्या आणि उगवणीची वेळ

धान्यपिकांत तणांमुळे येणाऱ्या तुटीचा अंदाज करावयाचा झाल्यास प्रथम तणांची मोजदाद करण्याचा प्रघात आहे. एका चौरस मीटरात रोपे किती, यावरून उत्पन्नातील घट ठरविली जाते. ही रीत सोयीची खरी; परंतु तणाचे प्रत्येक रोप सारखेच उपद्रवी असते, असे गृहीत तिच्या मुळाशी आहे. पश्चिम कॅनडातील गहू व बार्ली या पिकांत माजणाऱ्या रानटी ओटाविषयीचे संशोधन पाहता हे गृहीत टिकत नाही.

ड्यू यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या स्पर्धा-निर्देशांकात उत्पन्नातील घट तणांच्या घनतेच्या वर्गमुळाशी निगडित मानली होती. या सूत्रात विरळ तणांचा प्रभाव अवास्तव वाढतो. कझन्स यांनी १९८५ मध्ये पुरस्कारिलेल्या अपास्ताकार वक्राने तो दोष दूर केला. तथापि उगवणीच्या वेळेला या दोन्ही सूत्रांत स्थान नव्हते.

ही उणीव ओ'डोनोव्हन व त्यांचे सहकारी यांच्या १९८५ मधील निबंधाने स्पष्ट झाली. घनता तीच असता रानटी ओट पिकाच्या तुलनेने जितका आधी उगवे, तितकी घट अधिक होई. हा फरक दर दिवसामागे सुमारे ३ टक्के भरला. याचे कारण उघड आहे. आधी उगवलेल्या रोपाची पाने वर पोहोचून शेजाऱ्यावर सावली धरतात व मुळे ओल आणि नत्र आधी उचलतात. आरंभीची अल्प आघाडी पुढे वाढतच जाते. १९८७ मध्ये घनता व सापेक्ष वेळ ही दोन्ही एका समीकरणात गोवली गेली, हे योग्यच झाले.

मात्र ३ टक्क्यांचा हा आकडा सर्वत्र लागू करणे चुकीचे होय. थंड जमिनीतील दिवस आणि उबदार जमिनीतील दिवस वनस्पतीच्या वाढीच्या दृष्टीने समान नसतात. शिवाय तण एकाच दिवशी उगवत नाही. त्याच्या उगवणीचे अनेक फेर येतात. सरासरी तारीख घेतल्यास सर्वांत घातक अशी पहिली रोपे तिच्यात झाकली जातात. क्रॉफ व स्पिटर्स यांनी १९९१ मध्ये सुचविलेले सापेक्ष पर्णक्षेत्र हे माप या दृष्टीने सरस आहे, कारण संख्या व वय ही दोन्ही त्यात आपोआप उतरतात. परंतु ते शेतावर मोजणे कष्टाचे असून निरीक्षणाच्या दिवसानुसार बदलते.

या वादाचे व्यावहारिक मोल मोठे आहे. तणांचा पहिला फेर उगवू देऊन तो मशागतीने मोडावा व मग पेरणी करावी, हा जुना उपाय कॅनडाच्या अल्प हंगामात पिकालाच महाग पडतो. फवारणी फार लवकर केल्यास मागाहून उगवणारी रोपे सुटतात; लांबविल्यास नुकसान आधीच होऊन गेलेले असते. उशिरा उगवलेली रोपे यंदाचे उत्पन्न फारसे घटवीत नसली, तरी कापणीपूर्वी बी झाडून पुढील वर्षांचे संकट पेरून ठेवू शकतात. तणनाशकांना न जुमानणारा रानटी ओट तेथे पसरलेला असता ही बाब नजरेआड करणे परवडणारे नाही. केवळ चालू हंगामातील घट मोजणारी सर्वच सूत्रे येथे अपुरी पडतात.

सारांश, तणांची संख्या देणाऱ्या प्रत्येक प्रयोगवृत्तांताने तण उगवले तेव्हा पीक किती पानांवर होते, याची नोंद फेरनिहाय दिली पाहिजे. तिच्यावाचून निरनिराळ्या ठिकाणच्या आकड्यांची तुलना निराधार ठरते.